मूल अंग का धरत नाही?

दहा-अकरा वर्षांचा मुलगा. जेवला की पोट धरून बसतो. दिवसातून सहा-सात वेळा शौचाला पळतो, कधी रक्तही पडते. मागच्या वर्षीची पॅन्ट यंदाही आखूड होत नाही. शेजारी म्हणतात, उष्णता झाली. कोणी म्हणते जंत झाले, कोणी दृष्ट काढायला सांगते. मेडिकलमधून जुलाबाची गोळी येते. चार दिवस बरे, पुन्हा तेच. या ‘पुन्हा तेच’मध्ये वर्ष-दोन वर्षे जातात. ती मुलाच्या वाढीची वर्षे असतात, हे आपल्या लक्षात येते काय?

हा आतड्याचा दाहक आजार असू शकतो. डॉक्टर त्याला आयबीडी म्हणतात. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. आतड्याला सूज येते, व्रण पडतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा प्रकार मोठ्या आतड्यात होतो. दुसरा क्रोन्स, तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो. न्यूयॉर्कचे डॉ. क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा आजार एकमेकांच्या ताटात जेवल्याने होत नाही. ती करणी नव्हे, पूर्वजन्मीचे पाप नव्हे आणि आईच्या स्वयंपाकाचा दोषही नव्हे.

चार आठवड्यांहून अधिक काळ जुलाब, शौचात रक्त, घटणारे वजन, अंगावरचा बारीक ताप, वारंवार तोंड येणे, सांधेदुखी, गुदद्वाराजवळ गळू, वयात यायला उशीर. यांपैकी काही दिसले तर बालरोगतज्ज्ञाकडे जा. क्रोन्समध्ये रक्त दिसेलच असे नाही. कधी कधी थांबलेली उंची हीच पहिली खूण असते.

आपल्या देशात आणखी एक पेच आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स हुबेहूब सारखे दिसतात. क्रोन्सला क्षय समजून औषधे दिली तर मोलाचे महिने वाया जातात. उलट, क्षयाच्या मुलाला स्टिरॉईड दिले तर क्षय बळावतो. म्हणून रक्ताची व शौचाची तपासणी, दुर्बिणीने आतडे पाहणे आणि तिथला लहान तुकडा तपासणे आवश्यक ठरते. ‘एवढ्याशा पोराला नळी कशाला?’ असे म्हणून घरी परतू नका.

आजार मुळासकट जात नसला तरी काबूत राहतो. स्टिरॉईडने भडका शमतो. पण ते दीर्घकाळ घेतले तर उंची व हाडांवर परिणाम होतो आणि एकाएकी बंद केले तर धोका होतो. क्रोन्सच्या अनेक मुलांना सहा ते आठ आठवडे फक्त संपूर्ण पोषण देणारा द्रव आहार देतात. त्याचा गुण स्टिरॉईडइतकाच येतो, शिवाय वाढही होते. पुढे अ‍ॅझाथायोप्रिन किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधे लागू शकतात. बरे वाटले म्हणून औषध सोडणे ही सर्वात मोठी चूक. पथ्याच्या नावाखाली अंडी, मांस, दूध परस्पर बंद करणे ही दुसरी. उपाशी आतडे बरे होत नाही.

उपचार खर्चिक आहेत, हे खरे. म्हणून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळू शकते, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. पोषण व सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे शासनाचे कर्तव्य असल्याचे संविधानाचा अनुच्छेद ४७ सांगतो. उपचार मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

शाळेचाही प्रश्न आहे. या मुलाला वर्गातून केव्हाही उठावे लागते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे बंधनकारक केली आहेत. त्यांना कुलूप असेल, नळाला पाणी नसेल तर हे मूल शाळेतच येणार नाही. गुरुजींना आजार सांगा, ‘परवानगी न विचारता जा’ एवढे त्यांच्याकडून कबूल करून घ्या.

शेवटी कार्यकर्त्यांना एक विनंती. जयंतीनिमित्त आपण आरोग्य शिबिरे घेतो, मोठ्यांची शुगर, बीपी तपासतो. यंदा भिंतीवर एक मोजपट्टीही लावा. मुलांची उंची, वजन लिहून ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. ज्याची रेघ तिथेच थांबली असेल, त्याला अंगाऱ्याकडे नव्हे, डॉक्टरकडे न्या.