नातीची वही

पावसाळ्यातील मासेमारीबंदीचे दिवस होते. करंजातील सत्तरीच्या एक कोळी आजी महाविद्यालयात शिकणाऱ्या नातीसह दवाखान्यात आल्या. रक्तदाब १७८/१०४. "गोळी नियमित घेता ना?" आजी गप्प राहिल्या, नातीने वही पुढे केली. मोबाइलवर आलेल्या संदेशावरून आजींनी गोळी थांबवून दुधीचा रस सुरू केला होता. (कडू दुधीचा रस तर विषारी ठरू शकतो.) नातीने वाद न घालता रोजचा रक्तदाब लिहून ठेवला होता.

"रसानेच दाब वाढला," हा तिचा निष्कर्ष. मी विचारले, "त्याच दिवसांत आणखी काय बदलले?" ती विचारात पडली. गोळी थांबली होती. शिवाय ताजी मासळी नसल्याने ताटात रोज खारवलेली सुकी मासळी, म्हणजे मीठही वाढले होते. तिने स्वतःचेच वाक्य खोडले. आजींची चूक पकडण्यापेक्षा मला हे खोडणे अधिक मोलाचे वाटले.

आपल्याच रायगड जिल्ह्यात अशा वृत्तीने जीव वाचले आहेत. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात असताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून घाम, उलट्या, गार पडणारे हातपाय, हृदयाची अवस्था यांच्या बारकाईने नोंदी केल्या. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट' या नियतकालिकात आली. प्रचलित उपचार अपुरे पडतात, हे ओळखून त्यांनी पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचेच औषध वापरले आणि मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण माझ्या लेखी मोठी गोष्ट त्या रात्रपाळीच्या नोंदीच.

घरातील नातवंडांना हे काम जरूर द्यावे. मोजण्यापूर्वी आजी-आजोबांनी पाच मिनिटे शांत बसावे. पाठीला टेका, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत. सकाळ-संध्याकाळ, मिनिटभराच्या अंतराने दोन मोजण्या, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून सरासरी काढावी. गोळी, जेवण, झोप यांचीही नोंद असावी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी मात्र थांबवू नये.

आजींची गोळी पुन्हा सुरू झाली. मागच्या भेटीत वहीत १३४/८२ होते. त्याखाली, आजींच्याच आग्रहावरून लिहिलेली ओळ: 'रविवारी सुके बोंबील. दोनच.'