जाणत्यांची पुस्तिका आणि नवखा वाचक

घरांतील संगणक चालू केला कीं पडद्यावर चित्रें उमटतात, लिहिलेला मजकूर जपून ठेवला जातो, छपाईचें यंत्र आज्ञा ऐकतें. हा सारा कारभार पाहणारी जी मूळ प्रणाली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम असें म्हणतात. बहुतेकांच्या घरीं ती यंत्राबरोबर विकतच आलेली असते. परंतु जिची घडण कोणासहि उघडून पाहतां येते, जी बदलण्याची आणि दुसऱ्यास देण्याची सर्वांना मोकळीक असते, अशाहि प्रणाली आहेत. त्यांना मुक्तस्रोत प्रणाली म्हणतात. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं ग्नू या प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ सालीं लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. आणि या दोहोंच्या संयोगांतून डेबियन, उबुंटू, फेडोरा इत्यादि प्रणाली सिद्ध झाल्या. या प्रणालींची माहिती देणारें लेखन नवख्या माणसास दुर्बोध कां वाटतें आणि तें सुबोध कसें करतां येईल, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा आहे असें कोणी समजूं नये. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबविली. पुढील आवृत्तीला यंत्रांत सुरक्षेचीं जीं साधनें लागतात, तीं कित्येक जुन्या यंत्रांत नाहींत. म्हणजे यंत्र धडधाकट असूनहि निरुपयोगी ठरण्याची वेळ आली. अशा पुष्कळ यंत्रांवर लिनक्स आणखी कांहीं वर्षें सुखानें चालूं शकतें आणि त्यासाठीं एक पैसाहि मोजावा लागत नाहीं. अडतें तें सूचनांपाशीं. गृहस्थ मोठ्या उमेदीनें त्या वाचावयास बसतो, चौथ्या ओळीवर अडखळतो, आणि चांगलें यंत्र माळ्यावर जाऊन पडतें.

या दुर्बोधतेचें मूळ जुनें आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं युनिक्स नांवाची प्रणाली रचली. तिच्या पहिल्या पुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र पान. त्यावर नांव, लिहिण्याची रीत, वर्णन आणि शेवटीं ज्ञात दोष असा नेमका क्रम. आपल्या कृतींतील दोष आपणच छापण्याचा हा प्रामाणिकपणा आजहि अनुकरणीय आहे. परंतु ही पुस्तिका लिहिली गेली ती शेजारच्या दालनांत बसणाऱ्या सहकाऱ्यांसाठीं. त्यांना आज्ञेचें नांव ठाऊक होतें. केवळ तपशील ताडून पाहावयाचा होता. लिनक्समध्यें हीच परंपरा पुढें चालली आहे. नवख्याची अडचण मात्र नेमकी उलट असते. त्याला काम ठाऊक असतें, नांव ठाऊक नसतें. एखाद्या फाइलचें नांव बदलावयाचें तर ‘हलविणें’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून बेतलेली ‘एमव्ही’ ही आज्ञा पाहावी, हें त्याला सुचावें कसें? शब्दकोशांत शब्द सांपडण्यासाठीं तो शब्द आधीं माहीत असावा लागतो.

मग जाणत्यांना ही अडचण दिसत कां नाहीं? याचें उत्तर एका साध्या प्रयोगांत मिळतें. १९९० सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत एलिझाबेथ न्यूटन यांनीं कांहीं जणांस प्रसिद्ध गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनीं वाजविण्यास सांगितलें. समोरच्यानें गाणें ओळखावयाचें. वाजविणाऱ्यांचा अंदाज असा कीं निम्मीं गाणीं तरी ओळखलीं जातील. प्रत्यक्षांत १२० पैकीं अवघीं ३ ओळखलीं गेलीं. वाजविणाऱ्याच्या मनांत पूर्ण चाल घुमत असते. ऐकणाऱ्यास केवळ टकटक ऐकूं येते. जाणता लेखक असाच असतो. ‘मीठ अंदाजानें घाला’ हें वाक्य अनुभवी सुगरणीस पुरेसें असतें. पहिल्यांदाच चुलीपुढें उभ्या राहिलेल्या मुलीस त्याचा कांहीं उपयोग नाहीं.

आतां प्रत्यक्ष उदाहरणें पाहूं. लिनक्समध्यें महत्त्वाचा बदल करतांना टर्मिनल नांवाच्या खिडकींत संकेतशब्द लिहावा लागतो. तेथें अक्षरें उमटत नाहींत, ठिपकेहि बहुधा उमटत नाहींत. मागून पाहणाऱ्यास संकेतशब्दाची लांबीहि कळूं नये हा त्यांतील हेतु. जाणत्यास हें अंगवळणीं पडलेलें असतें, म्हणून तो लिहीत नाहीं. नवख्यास वाटतें, कळफलकच बिघडला! ‘अक्षरें दिसणार नाहींत, तसेंच लिहा आणि एंटर दाबा’ एवढ्या एका वाक्यानें त्याचा अर्धा तास वांचतो. तसेंच पुस्तिकेंतील आज्ञेच्या आरंभीं पुष्कळदां डॉलरचें चिन्ह छापलेलें असतें. त्याचा अर्थ ‘यंत्र आज्ञेची वाट पाहत आहे’ इतकाच. तें आपण लिहावयाचें नसतें. नवखा तें इमानानें उतरवून घेतो आणि यंत्राची कुरकुर ऐकतो.

याहून गंभीर गोष्ट क्रमाची आहे. नवी प्रणाली बसवितांना तबकडीचे विभाग पाडावे लागतात, आणि चुकीचा पर्याय निवडल्यास तीवरील सारें पुसलें जातें. मुलांचीं छायाचित्रें, वडिलांचे कागद, सारें कांहीं. ही सावधगिरीची सूचना कृतीच्या नंतर छापून काय उपयोग? ती आधींच असली पाहिजे, आणि तिच्याबरोबर नक्कल कशी काढून ठेवावी हेंहि. उबुंटूसारखी प्रणाली यूएसबी कांडीवरून, मूळ तबकडीला हात न लावतां चालवून पाहतां येते, ही दिलासा देणारी गोष्ट तर पहिल्याच पानावर हवी.

शिकणारे प्रत्यक्षांत कसे वागतात याचा अभ्यास १९८० नंतरच्या दशकांत आयबीएम कंपनीच्या संशोधनकेंद्रांत जॉन कॅरोल यांनीं केला. त्यांना आढळलें कीं लोक पुस्तिका क्रमानें वाचीत नाहींत. ते लगेच काम करूं पाहतात, चुकतात आणि चूक कशी निस्तरावी हें त्यांना कोणी सांगत नाहीं. म्हणून त्यांनीं लहानशी पुस्तिका तयार केली. प्रस्तावना वगळली, खरें काम पुढें ठेवलें आणि चुकल्यास काय करावें तें जागच्या जागीं सांगितलें. ती वापरणारे अधिक लवकर शिकले. पुढें डॅनिएले प्रोचिडा यांनीं अशा लेखनाचे चार प्रकार वेगळे केले : हात धरून शिकविणारा धडा, विशिष्ट कामाची कृति, तपशिलाचा संदर्भ आणि कारण सांगणारें विवेचन. चारहि आवश्यक आहेत. घोटाळा होतो तो एकाच पानावर चारहि कालविल्यानें. अंघोळीसाठीं नदीवर आलेल्यास नदीचा उगम सांगत बसूं नये. पण उगम सांगणारा ग्रंथहि कोठेंतरी असावा.

मराठी वाचकांच्या बाबतींत एक गोष्ट अधिक सांगावयास हवी. लिनक्सच्या कित्येक पडद्यांचें मराठी भाषांतर स्वयंसेवकांनीं केलें आहे. तथापि पडदा इंग्रजी आणि सूचना मराठी असा प्रसंग आला, तर बटणाचें नांव पडद्यावर दिसतें तसेंच द्यावें. सूचनेंत सुंदर संस्कृत शब्द आणि पडद्यावर भलताच इंग्रजी शब्द, अशा स्थितींत वाचक नसलेलें बटण शोधीत राहतो.

हें सारें सुधारणार कोण? ओपनबीएसडी या प्रणालीचे कर्ते पुस्तिकेंतील चूक ही प्रणालींतील दोषाप्रमाणेंच दुरुस्त करावयाची मानतात. ही शिस्त सर्वत्र यावयास हवी. पण आपण कोठें दुर्बोध झालों हें जाणत्यास स्वतःहून कळणें कठीण, हें आपण पाहिलेंच. तें सांगूं शकतो तो केवळ नवखा. आणि त्याचें नवखेपण फार दिवस टिकत नाहीं. महिन्याभरांत तोहि सरावतो आणि कोठें अडलों होतों तें विसरतो. म्हणून श्रोत्यांपैकीं जो कोणी ही प्रणाली प्रथमच वापरूं लागेल, त्यानें वही जवळ ठेवावी. कोणत्या ओळीवर अडलों, काय घडेल असें वाटलें होतें आणि काय घडलें, हें त्याच दिवशीं टिपावें आणि कर्त्यांस कळवावें. आज्ञावली लिहितां येत नाहीं म्हणून आपला उपयोग नाहीं असें त्यानें मानूं नये. या प्रणाली सर्वांच्या म्हणविल्या जातात. त्या सर्वांना समजतील अशा करण्याच्या कामीं न समजणाऱ्याची साक्ष सर्वांत मोलाची आहे.