ठेंगण्या पडवीचे गणित



आपल्याकडच्या जुन्या कौलारू घरांची पडवी ठेंगणी असते. मोठ्या माणसाला वाकूनच आत यावे लागते. आमचे घरही तसेच आहे. असे का बांधले, हे मी आजोबांना विचारले आणि टेप लावून मोजूनही पाहिले.

महाड तालुक्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १० फूट पाऊस पडतो. ते पाणी झटकन ओघळावे म्हणून छपराला उतार हवा. शिवाय पावसाची झड मातीच्या भिंतीवर येऊ नये म्हणून छप्पर पुढे खालपर्यंत आणतात.

आता गणित बघा. मूळ जमिनीपासून भिंतीजवळ उंची ९ फूट. छप्पर दर २ फुटांना १ फूट उतरते. पडवी ६ फूट रुंद, म्हणून कडेला उरले ६ फूट. तुळईचा अर्धा फूट गेला. दर खेपेला जुन्याच जमिनीवर नवी माती चढली, त्यात आणखी अर्धा फूट. राहिले फक्त ५ फूट!

गेल्या श्रावणात वीज गेलेली असताना बाबांचे कपाळ तुळईला आपटले. तीन टाके पडले. बाबा म्हणाले, "जमीनच दोन फूट खणू या." पण आजोबा आणि गवंडीकाका नको म्हणाले. भिंतीलगत खणले तर पाया उघडा पडतो, भिंत खचते. आणि आतली जमीन अंगणापेक्षा खाली गेली की पाणी घरात शिरलेच! २२ जुलै २०२१ चा महाडचा पूर आठवा. जोत्याची एकेक वीत मोलाची आहे.

मग काय करावे?

१) चढलेला मातीचा थर तेवढाच काढावा. मूळ जमिनीच्या खाली जाऊ नये. मग चोपून सारवावे. आम्हाला अर्धा फूट परत मिळाला.

२) तुळई तासू नये. तिच्यावर छपराचा भार असतो. तिला गोणपाट गुंडाळून वर चुन्याचा पांढरा पट्टा ओढावा, म्हणजे अंधारातही दिसते.

३) छपरात एखादे काचेचे कौल बसवावे.

४) ठेंगण्या कडेला लाकूडफाटा ठेवावा, जाण्यायेण्याची वाट भिंतीकडून ठेवावी.

५) छप्पर उचलायचेच असेल तर पावसाळ्याआधी, जाणत्या सुताराकडूनच. उतार मात्र कमी करू नये.

मित्रांनो, तुम्हीही आपली पडवी मोजा. आणि पाहुणे आले की आधी सांगा, "वाकून या हं!"

– इयत्ता ७ वी