दरड उपसायची की घाटच टाळायचा?

‘वडिलांना बरीच वर्षं शुगर आहे. अँजिओग्राफीत तिन्ही नसांत ब्लॉकेज निघाले. लगेच स्टेंट टाकून घ्यावेत की बायपास करावी?’ खालापूरच्या एका वाचकाचा हा प्रश्न. कर्जत-खालापूरच्या बहुतेक पेशंटना अँजिओग्राफीसाठी पनवेल, नवी मुंबई गाठावी लागते. पुन्हा खेप नको म्हणून निर्णयही तिथेच, घाईत होतो.

खालापूरकरांना यातलं विज्ञान सांगायला बोरघाट पुरेसा आहे. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ एक्सप्रेसवेवर दरड कोसळली. दरड उपसली, डोंगराला जाळ्या मारल्या, गाड्या सुरू झाल्या. स्टेंट हेच करतो, अडलेल्या जागेपुरतं. पण मधुमेहात धमनीचं आतलं अस्तर लांबवर बिघडलेलं असतं. आज एक जागा मोकळी केली, तरी उद्या दोन इंच पुढे-मागे दुसरी दरड कोसळू शकते. खोपोली ते कुसगाव ‘मिसिंग लिंक’ आखली ती घाटाचा तो अवघड भागच टाळण्यासाठी. बायपासची नळीही अडथळे ओलांडून धमनीच्या खालच्या, धड भागात जोडतात. मग वर आणखी चार दरडी कोसळल्या तरी खालच्या स्नायूला रक्त मिळत राहतं!

आकडेही हेच सांगतात. एकापेक्षा जास्त धमन्या अडलेल्या १९०० मधुमेहींवरचा ‘फ्रीडम’ हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत स्टेंटच्या गटातले १६.३ टक्के रुग्ण दगावले, बायपासच्या गटातले १०.९ टक्के. पक्षाघाताचं प्रमाण मात्र बायपासमध्ये जास्त होतं, ५.२ विरुद्ध २.४ टक्के. तेही पेशंटला आधी सांगायलाच हवं.

बायपासचा विषय निघाला की रेने फावालोरो यांचं नाव येतं. १९६७ मध्ये क्लीव्हलंडला त्यांनी पायाची शीर वापरून ही शस्त्रक्रिया रुळवली, तो मान त्यांचाच. पण मला हळहळ वाटते ती वासिली कोलेसोव यांच्याबद्दल. त्यांनी फेब्रुवारी १९६४ मध्येच लेनिनग्राडला छातीच्या पिंजऱ्यामागची धमनी टाके घालून हृदयाच्या धमनीला जोडली होती, तीही धडधडत्या हृदयावर. जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची ही धमनी! तिचं वरचं टोक जागेवरच ठेवतात, खालचं सोडवून हृदयाकडे वळवतात. पायाच्या शिरा वर्षागणिक बुजत जातात, ही मात्र दहा वर्षांनीही बहुतेकांत वाहती असते. मधुमेहींना बायपासचा जो फायदा होतो, त्यात हिचा वाटा मोठा आहे. तरी कोलेसोव यांचं नाव आपल्याकडे किती जणांनी ऐकलंय?

म्हणून तिन्ही नसा अडल्या असतील आणि पेशंट स्थिर असेल, तर अँजिओग्राफीची सीडी घेऊन हृदय-शल्यविशारदाचंही मत घ्या. ‘फाडाफाडी नको’ एवढ्याच कारणाने बायपास नाकारू नका. एकच नस अडली असेल तर स्टेंटने भागू शकतं. त्रास औषधांनी आटोक्यात असेल तर घाई नसते, हे २००९ च्या ‘बारी टू-डी’ अभ्यासात दिसलं. काहीही केलं तरी कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि साखरेची औषधं सुटत नाहीत, तंबाखू-विडी मात्र सुटायलाच हवी.

प्रत्यक्ष झटका आला असेल तर हा विचार करत बसू नका, तेव्हा बंद पडलेली नस ताबडतोब उघडणं हाच उपाय. आणि जुन्या मधुमेहात मज्जातंतूंची संवेदना बोथट झाल्याने छातीत कळ येईलच असं नाही. आवणी करताना एकाएकी दम लागला, दरदरून घाम आला, मळमळलं, तर ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा पिऊन पडून राहू नका. जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन त्याच तासात ईसीजी काढा आणि शुगर आहे हे डॉक्टरांना आधी सांगा.