एक मॉनिटर, दोन संगणक : केव्हीएम स्विच घेताना काय तपासावे?

दिवसा कंपनीचा लॅपटॉप आणि रात्री स्वतःचा डेस्कटॉप, असे काम करणाऱ्यांच्या घरात टेबल बहुधा एकच असते. मॉनिटर, कीबोर्ड आणि माउसही एकच. मग रोज मॉनिटरच्या मागे हात घालून केबल काढायची, दुसऱ्या यंत्राला लावायची, माउसचा रिसीव्हर इकडून तिकडे हलवायचा. या रोजच्या ओढाताणीत लॅपटॉपचा पोर्ट ढिला होतो आणि तो मदरबोर्डवरच बसवलेला असेल, तर दुरुस्ती स्वस्तात होत नाही.

यावरचा उपाय म्हणजे केव्हीएम स्विच. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. मूळचे हे सर्व्हर रूममधले उपकरण. रांगेने लावलेल्या यंत्रांना प्रत्येकी वेगळा मॉनिटर देणे परवडत नसे, म्हणून एकच संच सगळ्यांना पुरवायचा. आता तीच छोटी डबी घरच्या टेबलावर आली आहे. बटण दाबले की मॉनिटर, कीबोर्ड, माउस या संगणकावरून त्या संगणकावर जातात.

ऑनलाइन शोधले तर दिसायला सारख्याच डब्या हजार-दीड हजार रुपयांपासून थेट वीस हजारांपर्यंत सापडतात. एवढा फरक कशामुळे?

पैसे चित्राचे

कीबोर्ड आणि माउस यांना डेटा फारच थोडा लागतो. यूएसबी २.० चा सेकंदाला ४८० मेगाबिटचा वेग त्यांच्यासाठी गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. खरा भार असतो तो चित्राचा. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे, असा हिशेब मांडला तर सेकंदाला सुमारे १२ गिगाबिट डेटा होतो. एचडीएमआय १.४ ची कमाल क्षमता १०.२ गिगाबिट. त्यातलाही प्रत्यक्ष चित्राच्या वाट्याला ८.१६ गिगाबिटच येतो. म्हणजे या जुन्या प्रमाणाच्या स्विचमधून ४के चित्र जाते, पण सेकंदाला ३० वेळाच.

नेमकी इथेच ग्राहकाची फसगत होते. बॉक्सवर ‘४के’ ही अक्षरे ठळक असतात आणि ‘३० हर्ट्झ’ हे कोपऱ्यात कुठेतरी. ३० हर्ट्झवर माउसचा बाण अडखळत सरकतो, पान वर-खाली करताना मजकूर थरथरतो. सिनेमा बघताना हे फारसे जाणवत नाही, आठ तास एक्सेलमध्ये काम करणाऱ्याला मात्र दुसऱ्याच दिवशी वैताग येतो. त्यामुळे ४के मॉनिटर असेल तर ‘एचडीएमआय २.०, ४के ६० हर्ट्झ’ असे स्पष्ट लिहिलेले असल्याशिवाय स्विच घेऊ नये. उलट मॉनिटर साधा फुल एचडी, ६० हर्ट्झचा असेल, तर सुमारे ३ गिगाबिटमध्ये काम भागते. त्याला स्वस्तातला स्विच व्यवस्थित चालतो, महागाचा घेऊन चित्र अधिक चांगले होणार नाही. गेमिंगसाठी ४के, १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर मात्र डिस्प्लेपोर्ट १.४ किंवा एचडीएमआय २.१ चे स्विच पाहावे लागतात आणि किंमत चढते ती तिथे.

स्विच खरेच लागणार आहे का?

हा प्रश्न दुकानदार विचारणार नाही. आपल्या मॉनिटरची मागची बाजू एकदा नीट पाहावी. बहुतेक मॉनिटरना आज दोन किंवा अधिक इनपुट असतात. दोन्ही संगणक मॉनिटरला थेट जोडून ठेवले, तर चित्र बदलण्याचे काम मॉनिटरचे स्वतःचे बटण करते. मग उरतात फक्त कीबोर्ड आणि माउस. त्यांच्यासाठी साधा यूएसबी स्विच पुरतो आणि तो केव्हीएमपेक्षा बराच स्वस्त पडतो. एकाऐवजी दोन बटणे दाबावी लागतात एवढेच. चित्र मधल्या कोणत्याही डबीतून जात नसल्याने हर्ट्झ, रंग वगैरेंची तक्रार मुळातच उरत नाही. दिवसातून दोन-तीन वेळाच अदलाबदल करणाऱ्यांसाठी हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा.

काही मॉनिटरमध्ये तर केव्हीएम आधीपासूनच बसवलेला असतो. मॉनिटरला टाइप-सी पोर्ट आणि त्याशिवाय यूएसबीचा चौकोनी, प्रिंटरला असतो तसा पोर्ट असेल, तर माहितीपुस्तिकेत ‘केव्हीएम’ हा शब्द शोधावा. ब्लूटूथवरून दोन-तीन यंत्रांशी जोडता येणारे कीबोर्ड-माउसही मिळतात. त्यांच्या बाबतीत वेगळा स्विच लागतच नाही.

सॉफ्टवेअरचाही पर्याय आहे. मायक्रोसॉफ्टचे ‘माउस विदाउट बॉर्डर्स’ किंवा अ‍ॅपलचे ‘युनिव्हर्सल कंट्रोल’ वापरून एकच माउस दोन संगणकांवर फिरवता येतो. पण ती मॉनिटर वाटून देत नाहीत. शिवाय पहिल्यासाठी दोन्हीकडे सॉफ्टवेअर टाकावे लागते आणि दुसरे फक्त अ‍ॅपलच्या यंत्रांवर चालते. कंपनीच्या लॅपटॉपवर परस्पर काही टाकायला परवानगी नसेल, तर विषय तिथेच संपला.

पोर्ट सारखा दिसतो, काम वेगळे

नव्या पातळ लॅपटॉपना एचडीएमआय नसतो, फक्त टाइप-सी असतो. प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर येतेच असे नाही. काही पोर्ट केवळ डेटा आणि चार्जिंगसाठी असतात. कंपनीच्या संकेतस्थळावर लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक टाकून ‘डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड’ आहे का, हे आधी बघावे. केबलचेही तसेच. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयकडे जाणारी साधी केबल एकाच दिशेने चालते. संगणकाकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय असेल तर चित्र दिसेल, उलट लावली तर पडदा काळाच राहील. दोन मॉनिटरचा स्विच घेणाऱ्यांनी लॅपटॉप तेवढे मॉनिटर चालवतो का, हेही पाहावे. एम१ किंवा एम२ चिपची मॅकबुक एअर बाहेरचा एकच मॉनिटर चालवते. तिथे महागडा दुहेरी स्विच घेऊन उपयोग नाही.

खिडक्या का पांगतात?

प्रत्येक मॉनिटर आपला आकार, रिझोल्यूशन, हर्ट्झ अशी ओळख संगणकाला सांगत असतो. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. साधा स्विच दुसऱ्या संगणकाकडे वळला की पहिल्याला वाटते, मॉनिटर काढून टाकला. मग मोठ्या पडद्यावर मांडलेल्या सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर येऊन पडतात. ‘ईडीआयडी इम्युलेशन’ असलेला स्विच ही ओळख संगणकासमोर कायम धरून ठेवतो. दिवसातून वीस वेळा इकडून तिकडे जाणाऱ्यांनी या एका सोयीसाठी जास्त पैसे द्यायला हरकत नाही. विंडोज ११ मध्ये खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याची सोय डिस्प्ले सेटिंगमध्ये आहे, आधी ती वापरून पाहावी.

बिनतारी माउस अडखळत असेल तर दोष माउसचाच असतो असे नाही. यूएसबी ३.० च्या जोडणीतून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरला त्रास देतो, हे इंटेलने २०१२ मध्येच एका टिपणातून मांडले होते. रिसीव्हर लहानशा एक्स्टेन्शन केबलने स्विचपासून थोडा लांब ठेवला की बहुधा फरक पडतो.

कंपनीचा लॅपटॉप असेल तर

केव्हीएमचा एक मोठा फायदा म्हणजे साध्या स्विचसाठी कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही. लॅपटॉपच्या दृष्टीने तो बाहेरचा कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर एवढेच असते. तरीही अनेक कंपन्या अनोळखी यूएसबी उपकरणे अडवतात, त्यामुळे आयटी विभागाला आधी विचारलेले बरे. स्विचच्या मोकळ्या यूएसबी पोर्टमध्ये पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क मात्र लावून ठेवू नये. बटण दाबताच घरची ती डिस्क ऑफिसच्या यंत्राला जोडली जाते. फाइल लिहिली जात असताना बटण दाबले तर फाइल खराब होते ते वेगळेच. नेटवर्कवरून दूरचा संगणक चालवणारे ‘आयपी केव्हीएम’ ही निराळी वस्तू आहे. परवानगीशिवाय ती कंपनीच्या लॅपटॉपला लावणे नोकरीवर बेतू शकते.

खरेदी केल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी दोन्ही संगणक जोडून, नेहमीच्या केबल लावूनच चाचणी घ्यावी. लॅपटॉप झोपवून परत उठवावा, एक व्हिडिओ कॉल करावा आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये हर्ट्झचा आकडा पाहावा. ६० ऐवजी ३० दिसले, तर स्विच परत पाठवण्याआधी एकदा केबल बदलून बघावी. जुन्या, लांब केबलमुळेही आकडा खाली येतो आणि स्विचसाठी दोनऐवजी तीन केबल लागत असल्याने घरातली एखादी जुनी केबल त्यात हमखास लागलेली असते.