घोरणें आणि निद्रेंतील श्वासरोध

घोरणें हा आपल्याकडे थट्टेचा विषय समजला जातो. दुपारच्या जेवणानंतर कोणी मोठ्यानें घोरूं लागला म्हणजे घरांतील मुलें तोंड दाबून हंसतात आणि वडील मंडळी कुंभकर्णाचें नांव काढतात. जो घोरतो त्याला झोंप गाढ लागते, असा समजही सार्वत्रिक आहे. आरोग्याच्या बाबतींत याहून घातक समजूत क्वचितच आढळेल. कारण कांहीं घोरणाऱ्यांची झोंप म्हणजे रात्रभर चाललेली झटापट असते, आणि तिची वार्ता खुद्द झोंपणाऱ्याला नसते.

अशा माणसाच्या शेजारीं जागें राहून कान देऊन ऐकावें. घोरण्याचा आवाज चढत चढत जातो आणि एकाएकीं थांबतो. छाती व पोट हालत असतात, पण वारा आंत जात नाहीं. १० सेकंद, २० सेकंद, कधीं त्याहूनही अधिक वेळ असाच जातो. मग घुसमटल्यासारखा मोठा आवाज होऊन माणूस दचकतो, कूस बदलतो आणि पुन्हा घोरूं लागतो. मधल्या वेळांत शेजारच्याला वाटतें, चला, थांबलें एकदांचें! परंतु त्या शांततेचीच खरी भीति आहे.

ह्या विकारास डॉक्टर ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. ॲप्निया हा शब्द मूळ ग्रीक. त्यांतील आरंभींचा स्वर हा आपल्या ‘अज्ञान’, ‘अशक्त’ यांतील नकारवाचक ‘अ’चा सख्खा भाऊ, आणि पुढील भागाचा अर्थ श्वास. मराठींत ‘निद्रेंतील श्वासरोध’ म्हणतां येईल. फेब्रुवारी २०२२ मध्यें संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईस वारले, तेव्हां त्यांच्या डॉक्टरांनीं ह्या विकाराचा उल्लेख केला, आणि पुष्कळ घरांत हें नांव प्रथमच ऐकिलें गेलें.

आतां हें घडतें कसें तें पाहूं. श्वासनलिकेला कूर्चेचीं कडीं असतात, म्हणून ती सहसा मिटत नाहीं. तिच्या वरचा घसा मात्र ओल्या कापडाच्या बाहीसारखा असतो; जागेपणीं स्नायू त्याला ताणून उघडा धरतात. झोंपेंत ते सैल पडतात. उताणें निजल्यास जीभ मागें सरते. त्यांत मान जाड असेल, खालचा जबडा आखूड असेल किंवा टॉन्सिल वाढलेले असतील, तर वाट आणखी अरुंद होते. अरुंद वाटेनें वारा जातांना मऊ भाग थरथरतात, तें घोरणें. वाट मिटली कीं श्वासरोध. रक्तांतील प्राणवायु उतरूं लागतो, मेंदू सावध होतो आणि क्षणभर जाग आणून स्नायू पुन्हा ताणतो. ही जाग इतकी ओझरती असते कीं सकाळीं तिची आठवण उरत नाहीं. पण तासाला ३० वेळां ज्याला असें उठावें लागतें, त्यानें आठ तास अंथरुणांत काढले तरी विश्रांति ती कोठली?

(मेंदूकडूनच श्वासाची आज्ञा न येण्याची एक दुसरी जात आहे. ती विरळ, आणि तिचे उपचार निराळे. तिच्यांत आज शिरत नाहीं.)

म्हणूनच सकाळीं डोकें दुखतें, तोंडाला कोरड पडलेली असते, रात्रीं दोनतीनदां लघवीस उठावें लागतें, स्वभाव चिडका होतो, औषध घेऊनही रक्तदाब उतरत नाहीं. दिवसां पेंग येते ती वेगळीच. वर्तमानपत्र वाचतांना आली तर हंसून सोडतां येईल. मोटार हांकतांना दोन सेकंद आली तर पुढचें सांगावयास नको.

स्त्रियांच्या बाबतींत हा विकार विशेष निसटतो. त्यांची तक्रार पुष्कळदां घोरण्याची नसून थकव्याची किंवा झोंप न येण्याची असते, आणि ‘घरकामानें दमली असेल’ असें म्हणून घरचे लोक मोकळे होतात. ऋतुप्राप्ति थांबल्यावर त्यांच्यांतही ह्याचें प्रमाण वाढतें. आणि मुलें! टॉन्सिल व नाकामागच्या ग्रंथि वाढल्यामुळें ज्याचा श्वास रात्रीं अडतो, तें मूल वर्गांत पेंगण्याऐवजीं कित्येकदां चुळबुळ करतें, लक्ष देत नाहीं. माझ्या व्यवसायबंधूंनीं अशा मुलाला शिक्षा करण्यापूर्वीं तें रात्रीं तोंड उघडें टाकून घोरतें काय, एवढें त्याच्या आईला अवश्य विचारावें. त्या ग्रंथि काढल्यानें बहुतेक मुलांना गुण येतो.

मेलबोर्नचे डॉक्टर मरे जॉन्स यांनीं १९९१ सालीं आठ प्रश्नांची एक पत्रिका प्रसिद्ध केली. वाचतांना, बसून बोलतांना, वाहनांत प्रवास करतांना डुलकी लागण्याचा संभव किती, याला शून्यापासून तीनपर्यंत गुण द्यावयाचे. एकूण गुण २४. दहाहून अधिक मिळविणाराच नापास! निदान मात्र पत्रिकेनें होत नाहीं. त्यासाठीं एक रात्र मेंदूच्या लहरी, श्वासाचा ओघ, छातीची हालचाल व प्राणवायु यांची नोंद घेतात. साधी नोंद घरींही घेतां येते. तासाला श्वास अडण्याचे वा उथळ होण्याचे प्रसंग ५ पर्यंत असल्यास चिंता नाहीं, १५ पर्यंत विकार सौम्य, ३० पर्यंत मध्यम, आणि त्यापुढें तीव्र.

डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ ह्या १८३६-३७ मधील कादंबरींत उभ्या उभ्या झोंपणारा जो नांवाचा लठ्ठ पोरगा आहे. १९५६ सालीं अमेरिकन डॉक्टरांनीं अशा एका रोग्याच्या विकारास पिकविकचेंच नांव दिलें. श्वास अडतो ही गोष्ट १९६५ सालीं फ्रान्स व जर्मनींतील संशोधकांनीं नोंदून दाखविली. परंतु तीव्र विकारावर उपाय काय, तर गळ्याला भोंक पाडून नळी बसविणें! १९८१ सालीं सिडनीचे कॉलिन सुलिव्हन यांनीं नाकावरील मुखवट्यांतून सतत दाबाची हवा सोडून घसा उघडा ठेविला, आणि चित्र पालटलें. तेंच आजचें ‘सीपॅप’ यंत्र. ह्यांत प्राणवायूचें नळकांडें नसतें. खोलींतीलच हवा, पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर इतक्या दाबानें, घशाला टेकू देते.

यंत्र लावलेलें असेल तोंवरच त्याचा उपयोग, आणि येथेंच घोडें अडतें. मुखवटा टोंचतो, नाक कोरडें पडतें, घरांत लाज वाटते. मुखवट्याचें माप बदलून आणि हवा दमट करून बहुतेक अडचणी दूर होतात. महिनाभर तरी नेट धरावा. ह्या यंत्रानें हृदयविकार टळतो असें मात्र छातीठोकपणें सांगतां येत नाहीं. हृदयविकार किंवा पक्षाघात असलेल्या २,७१७ रुग्णांवरील प्रयोग २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत पुढील झटके कमी झाले नाहींत, पेंग व उदासीनता मात्र कमी झाली. अर्थात् ते रुग्ण यंत्र रात्रीं सरासरी साडेतीन तासही लावीत नव्हते, हेंही ध्यानांत घ्यावें.

सौम्य विकारांत खालचा जबडा पुढें धरून ठेवणारें दांतांवरचें साधन चालतें. तें दंतवैद्याकडून मापानें करवून घ्यावें. कुशीवर निजणें, निजण्यापूर्वीं मद्य व झोंपेच्या गोळ्या वर्ज्य करणें, हें तर फुकटचें औषध. वजन उतरविणें सर्वांत मोलाचें आणि सर्वांत अवघड. २०२४ च्या डिसेंबरांत अमेरिकेंत टिर्झेपेटाइड ह्या आठवड्यास एकदां टोंचावयाच्या औषधाला स्थूल प्रौढांच्या मध्यम व तीव्र श्वासरोधासाठीं परवानगी मिळाली. तें डॉक्टरांवांचून घेण्याचें नव्हे. टाळूची वा जबड्याची शस्त्रक्रिया आणि जिभेच्या मज्जातंतूला चेतविणारें छातींतील उपकरण हे मार्ग निवडक रुग्णांसाठीं आहेत.

ज्यांना हा विकार असल्याचें ठरलें आहे, त्यांनीं कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वीं भूल देणाऱ्या डॉक्टरांस तें आपण होऊन सांगावें; भुलीच्या व वेदनाशामक औषधांनीं घसा अधिकच सैल पडतो. घरचें यंत्र आणि मुखवटा रुग्णालयांत सामानाबरोबर न्यावा.