उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रयोग

भौतिकशास्त्राच्या पदवी शिक्षणात प्रयोगशाळा ही मोठ्या खर्चाची बाब. उपकरणे, जागा, साहाय्यक आणि विद्यार्थ्यांचे तास, या साऱ्यांचे मोल मोजावे लागते. त्या मोबदल्यात पदरात काय पडते, हे मात्र क्वचितच विचारले जाते. वर्गात शिकविलेला सिद्धान्त प्रयोगाने पक्का होतो, ही समजूत इतकी रूढ आहे, की तिला पुराव्याची गरजच भासली नाही.

तो पुरावा नताशा होम्स, नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वीमन व त्यांचे सहकारी यांनी शोधला. तीन संस्थांतील नऊ अभ्यासक्रमांत प्रयोगवर्ग घेतलेल्या व न घेतलेल्या विद्यार्थ्यांची परीक्षेतील उत्तरे त्यांनी ताडून पाहिली. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की प्रयोगाशी निगडित प्रश्नांतही प्रयोग करणाऱ्यांना मोजता येण्याजोगा लाभ झाला नव्हता.

म्हणून प्रयोगशाळांना टाळे ठोकावे, असे नव्हे. दोष हेतूत आहे. लंबकाचा आंदोलनकाल किती यावयास हवा, हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते. उत्तर आले की वही मिटते. न आले की आकडा जुळविला जातो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मात्र विद्यार्थ्यांना १० व २० अंशांच्या झोक्यांचे काल तुलनेसाठी दिले आणि मोजणी सुधारून पुन्हा पाहावयास सांगितले. पाठ्यपुस्तकातील सोपे सूत्र दोन्ही काल सारखेच मानते. प्रत्यक्षात त्यांत सुमारे अर्ध्या टक्क्याचा फरक असतो. एकाऐवजी अनेक आंदोलने मोजली, की तो उघड होतो आणि सूत्राची मर्यादा विद्यार्थ्याला स्वतःच्याच आकड्यांतून कळते. २०१५ च्या अहवालानुसार प्रयोगपद्धतीत सुधारणा सुचविण्याची वा करण्याची शक्यता अशा विद्यार्थ्यांत बारापट आढळली. पुढील वर्षीही ही सवय टिकली.

प्रश्न चरितार्थाचाही आहे. अमेरिकेतील भौतिकशास्त्राचे बहुसंख्य पदवीधर प्राध्यापक होत नाहीत. तेथील भौतिकशास्त्रज्ञांच्या व शिक्षकांच्या संघटनांनी २०१६ साली संयुक्त अहवाल काढला तो हेच ध्यानी घेऊन. अडलेले उपकरण चालू करणे, आकड्यावर किती विसंबावे हे ठरविणे, इतरांसह काम करणे आणि निष्कर्ष नेमका लिहिणे, हे उद्योगाला हवे असते. कारखान्यात अपेक्षित उत्तर फळ्यावर कोणी लिहून ठेवीत नाही.

हा बदल फुकट होणार नाही. प्रयोगांची संख्या घटवावी लागेल, शिक्षकांना नवे प्रशिक्षण द्यावे लागेल. त्याहून अवघड आहे गुणदानाची रीत बदलणे. बरोबर उत्तरालाच गुण मिळत राहिले, तर विद्यार्थी आकडे जुळवीतच राहतील. आणि त्याचा दोष त्यांच्या माथी मारता येणार नाही.